सहा वाजून तीन मिनिटं

मंगळवार, ११ नोव्हेंबर

छोट्या जाहिराती घेणाऱ्या मशीनचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. मेघनाने सकाळी तपासून सांगितलं. आमच्या पेपरचे कॉम्प्युटर तीच सांभाळते, उगाच बोलत नाही.

म्हणजे शनिवारी धम्मपालची जाहिरात पाच छप्पन्नला आली होती. मशीनने नोंदवलं सहा-तीन. सहाला जाहिरातींची खिडकी बंद.

त्याने लगेच फोन केला होता. 'अवधूत, माझ्याकडे अजून सहा वाजायचेत रे.' मी — 'मशीनमध्ये सहा-तीन पडलेत. वेळ म्हणजे वेळ.' बारा वर्षं इथेच माझ्या शेजारी बसून प्रुफं वाचली त्याने. वाद घातला नाही. 'बरं,' म्हणाला.

समोर भिंतीवर घड्याळ आहे. मी मान वर केली नाही!

त्याचे वडील, भिवाकाका, गेले होते. त्यांच्या जलदान विधीची जाहिरात होती. विधी रविवारी, वरळीला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काल घड्याळ हाताने बरोबर लावलं. आज पुन्हा वीस सेकंद पुढे.

मेघनाने कागदावर काढून दाखवलं. दिवाळीत जुनं मशीन बंद करून ते जसंच्या तसं एका मोठ्या मशीनच्या पोटात हलवलं. आत त्याला वाटतं आपण एकटेच आहोत. ते टिकटिक मोजून वेळ ठरवतं. पण मोठं मशीन दुसऱ्या कामात असलं की टिकटिक अडकते. मग जुनं स्वतःच अंदाजाने भर घालतं, आणि मोठंही अडकलेल्या टिकटिका मागाहून देतं.

'एकच क्षण दोनदा मोजला जातो, सर.'

'दिवाळीपासून कुणाच्या लक्षात आलं नाही?'

'तक्रार कुणी केली नव्हती ना.'

केली होती. एकाने. माझ्याकडे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

धम्मपालकडे गेलो. विधीला दीडशे खुर्च्या मागवल्या होत्या, माणसं तीस. भिवाकाकांच्या गिरणीतलं कुणीच नाही. ती म्हातारी माणसं विरार, बदलापूरला पांगलेली. निधनाचं पान वाचून येणारी.

सात मिनिटांचं सांगितलं. वाटलं, चिडेल. त्याने चहा पुढे केला. 'मशीनचं सोड रे. तू विचारलंसुद्धा नाहीस, कसली जाहिरात आहे.'

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मेघनाने सुरुवातीच्या सेटिंगमधली ती भर बंद केली. मशीन वेळ आता एकाच ठिकाणाहून घेतं. सकाळपासून एका सेकंदाचाही फरक नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

ऑफिसात फोन. चिंचपोकळीचे कुशाबा, गिरणीत भिवाकाकांच्या खात्यातले. 'भिवाचा पोरगा तुमच्याकडंच होता ना ओ? चाळ सोडली म्हणं त्यांनी, नवा पत्ता द्या की. उद्या दहाला येतोय. भिवाला म्हणावं, कॅरम काढून ठेव. मागच्या खेपेला राणी लपवलीस!'

पत्ता दिला. 'सांगतो,' म्हणालो.

धम्मपालला कळवलं. तो — 'पेपरातनंच कळणार होतं ना त्यांना? मग तूच सांग.'

उद्या दहाला धम्मपालच्या बसस्टॉपवर मी उभा राहणार आहे.