लिंथोईचा गुडघा

काकचिंग,
९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. गुवाहाटीत तुम्ही मायलेकी बऱ्या असाल. इथे थंडी ओसरतेय. आई ठीक आहे. काल तिने तुझ्या आवडीचा एरोम्बा केला आणि एकटीच जेवली. मी अंगणातच होते. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. चार कागद फाडून झाले.

लिंथोईच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले. कुबड्या सुटल्या का? गुडघा किती वाकतो?

मैदानावर आता खेळाआधी वीस मिनिटं मी मुलींकडून व्यायाम करून घेते. उडी मारली की गुडघे वाकवून अलगद उतरायचं, गुडघा आत झुकू द्यायचा नाही. मग एका पायावर तोल. मग गुडघ्यांवर उभं राहून सावकाश पुढे कलायचं, मागून जोडीदारीण घोटे धरते. आमच्या क्लबचे सेक्रेटरी तोम्बाबाबू कुंपणापाशी उभे राहून हसतात, "ओजा, कोच ना तुम्ही? फुटबॉल शिकवताय की नाच?"

हे व्यायाम मला नवे नाहीत, ताई. कोचच्या शिबिरात शिकून आले होते, वर्षभर करूनही घेतले. मग स्पर्धा तोंडावर आली, तोम्बाबाबूंचे टोमणे वाढले, आणि ती वीस मिनिटं मला गोलच्या सरावाला हवीशी वाटली. महिनाभर बंद ठेवले. त्या सामन्यात लिंथोईला कुणी धक्काही दिला नाही. हेडर मारून ती एका पायावर उतरली, गुडघा आत वळला. गुडघ्याचा कट्ट आवाज मला बाकावर ऐकू आला.

ती पडली हे तुला माहीत आहे. त्याच्या आधीचं माहीत नाही.

आईकडून कळतं, तू तिला रोज बोलतेस, "दुखत होतं तर लपवलंस का?" तिने लपवलं नव्हतं. त्या सकाळी बुटाच्या नाड्या बांधताना ती म्हणाली, "मावशी, गुडघा सटकल्यासारखा होतोय गं." मी म्हणाले, "पट्टी बांध. सेमीफायनल आहे, नखरे नकोत."

दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी कुणाला सांगितलंच नाही." मी शेजारीच उभी होते. गप्प राहिले. चौदा वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं बोलली आणि दोन महिने तुझी बोलणी खातेय.

परवा संघातल्या सनातोम्बीने सामन्याआधी गुडघा दुखतो म्हटलं. मी तिला बाकावर बसवलं. दोन गोलांनी हरलो. तोम्बाबाबू सगळ्यांसमोर ओरडले, "दुसरी कोच बघतो मी!" म्हटलं, बघा. तेव्हापासून पाय एका जागी ठरत नाहीत. अंगणात येरझाऱ्या घालते, आत येते, कागद काढते, पुन्हा उठते.

तुला मला जे बोलायचंय ते सावकाश बोल. नाही बोललीस तरी चालेल. पण हे वाचून झालं की आधी उठ, तिच्याजवळ जा, आणि सांग की तिची काही चूक नव्हती.

जिला तिने वेळेवर सांगितलं होतं,
ती,
मेमचा