अडखळलेला ठोका

३ मार्च

प्रिय चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर माझा आवाज कापेल, म्हणून लिहितोय. बँडच्या परवाच्या कार्यक्रमात, आपल्या त्या वीस मिनिटांच्या गाण्यात, जिथे ड्रमवर सात मात्रांतून अकरात जायचं असतं, तिथे माझा उजवा हात मधेच थांबला. मी थांबवला नाही, चिमणे. तो आपणहून थांबला, आणि मग जणू काही झालंच नाही असा पुन्हा चालू लागला.

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. आपला गिटारवाला मिठी मारून म्हणाला, की हा थांबा भन्नाट सुचला तुला, आता कायमचा ठेवू. आमच्या संगीतात चूक कुठली आणि करामत कुठली, हे वाजवणाऱ्यालाच ठाऊक. मीही हसलो, काय करणार?

आता शर्टाची बटणं लावतानाही तो हात रेंगाळतो. पुढच्या महिन्यात दौरा आहे. मला फार भीती वाटते गं. आईला सांगू नकोस.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकलं. कीबोर्ड सोडून मी शाळेत गणित शिकवायला लागले, तरी तुझा हात मला अजून ओळखता येतो. तो दोन ठिकाणी अडकलाय. दुसरी जागा तुझ्याही लक्षात आलेली दिसत नाही.

आपण प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवायला लागलो तेव्हा बाबा विचारायचे, की भांड्यांची मांडणी कोसळली का? तू त्यांना बसवून समजावलंस, की आधी नुसतं मेटल होतं, जड गिटारी आणि सरळ चार ठोके. मग काही वेड्यांनी त्यात लांबलचक रचना आणि जॅझची मोडती लय मिसळली, आणि ऐकणाऱ्याला मोजायला लावलं. बाबांनी कौतुक केलं नाहीच, पण जेवताना टेबलावर बोटांनी सात मोजायला लागले.

शूरपणा पुरे. दौरा गेला खड्ड्यात. डॉक्टरांकडे जा, नाहीतर मी येऊन कान धरून नेईन. डोळ्याला डोळा लागत नाही रे माझ्या.

धाकटीवर लोभ ठेवतोसच, आता तिचं ऐकही.

तुझी,
चिमणी

१७ मार्च

प्रिय चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

काल तालमीच्या जागी एका नव्या बँडची ड्रमवाली आली होती. म्हणाली, तुमचा तो थांबा आम्ही उचललाय, आणखी दोन बँडही वाजवतात. बसून वाजवून दाखवला, अगदी हुबेहूब. मग विचारलं, की तो मोजायचा कसा.

मी म्हटलं, मी मोजत नाही, माझा हात निकामी होतोय. हे मी पहिल्यांदाच कुणाला तोंडाने सांगितलं, आणि ती खदखदून हसली. तिला वाटलं, मी गुपित लपवतोय. तिने पुन्हा वाजवलं. हवं तिथे थांबली, हवं तेव्हा निघाली. मला तिचा हेवा वाटला, आणि मग इतका घाबरलो की भिंतीला टेकून बसलो.

दौरा रद्द केलाय. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तू ये. एकट्याने जायची माझी छाती नाही. तिथे मी थट्टा करायला लागलो तर मला गप्प कर, आणि त्यांना सगळं खरं सांग.

लोभ आहेच, या वेळी सोबतही असू दे.

तुझा,
दादा