ऱ्हस्व पाणि, दीर्घ पाणी

धुळे, ४ ऑक्टोबर १९९३

ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. डिसेंबरात नाशिकजवळच्या धरणावर ट्रायथलॉन आहे. आधी पोहायचे, लगेच सायकल, मग धावायचे. सायकल व धावणे जमते; पाणि मात्र मला मागे ओढते. मी सलवार-कमीज घालून पोहते. पोहण्याचा पोशाख आबा घेऊ देत नाहीत. लोक काय म्हणतील, एवढेच त्यांचे म्हणणे. नाव देण्याची मुदत वीस तारखेची आहे. आबा आपल्या वडिलांचा शब्द मोडत नाहीत, म्हणून हे लिहिले.

आपली नात,
उज्ज्वला

अमळनेर, ९ ऑक्टोबर १९९३

चि. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद.

प्रथम दुरुस्ती. 'पाणि' ऱ्हस्व लिहिलेस. ऱ्हस्व पाणि म्हणजे हात. पोहतात ते पाणी दीर्घ. तुझा हातच तुला मागे ओढतो, असा अर्थ झाला. दोन दिवस हसलो. मग वाटले, तेच खरे असेल. हात पाण्यावर आपटू नये. कोपर उंच ठेवून तो पुढे घालावा व पाणी मांडीपर्यंत मागे लोटावे. पाय फार मारू नयेत. ते सायकलीसाठी राखावेत. धरणात भिंत नसते, म्हणून आठ-दहा हातांनंतर मान उचलून काठावरची एकच खूण पाहावी. तापीत आम्ही पैलतीरावरचा निंब पाहत असू.

आता पोशाख. तुझी आत्या द्रौपदा हिची जुनी सलवार-कमीज मी छगनच्या सरकीच्या दुकानातील काट्यावर ठेवली. कोरडी सहाशे ग्रॅम. भिजवून, न पिळता, दोन किलो आठशे. हा माल कोणत्या भावाने लावू, असे छगनने विचारले. आकडे सोबतच्या चिठ्ठीत तुझ्या आबास, पीतांबरास, कळवले आहेत. लोक काठावर असतात, वजन मुलीच्या अंगावर असते, एवढेच खाली जोडले आहे.

पोशाख अंगासरसा, गुडघ्यापर्यंतचा घ्यावा, म्हणजे तोच ठेवून सायकलीवर बसता येईल. स्पर्धेच्या दिवशी कोरा घालू नये; काखेत काचतो का, ते आधी पाहावे.

उत्तर शुद्ध लिहावे. आशीर्वाद आहेतच.

नाना

धुळे, १४ डिसेंबर १९९३

ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपली चिठ्ठी वाचून आबा उठले. त्यांनी माझी सलवार बादलीत भिजवली, एका हाताने उचलून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी अर्जावर सही केली. पोशाख त्यांनीच आणला.

स्पर्धेत आरंभी गर्दीत लाथ बसली, दिशा चुकली. मग मान उचलून काठावरचा पिवळा तंबू धरला. पाण्यातून अकरावी निघाले, सायकलीवर सहा जणींना मागे टाकले, धावण्यात आणखी एकीला. चौथी आले. मी पाण्यातून धावत निघाले तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी आबांना सांगितले म्हणे, की सगळे तुमच्या मुलीकडे पाहत आहेत. आबा मोठ्याने म्हणाले, "देखू द्या बठ्ठासले."

लोभ आहे तसाच राहो.

उज्ज्वला

अमळनेर, १८ डिसेंबर १९९३

चि. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद.

पत्रात एकही चूक नाही. पीतांबराचे वाक्यही मी तपासले. अहिराणीत ते शुद्ध आहे. लहानपणी त्याला घरात तसे बोलू देत नसे, ते माझे चुकले.

पत्र वाचताना डोळ्यांकडे पाणि गेला. हे ऱ्हस्वच आहे, आणि बरोबर आहे.

नाना