मामांचा डोळा आणि एसीची नळी

१ जून, रविवार. सकाळी ७.१५
यंदापासून एसीची सर्व्हिसिंग स्वतः करायची. ठरलं म्हणजे ठरलं. तो अतुल मेकॅनिक येतो, पलंगावर चढतो, जाळीवर पाणी मारतो, चहा पितो आणि जातो. त्यात काय डोकं लागतं? मी बी.एस्सी. आहे.
निमित्त मामांचं. माझे सासरे, बद्रीनाथमामा. गुरुवारी फुलंब्रीहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला येतायत, मग आठवडाभर आपल्याकडेच. डॉक्टरांनी बायकोला, सुलेखाला, बजावलंय, डोळ्याला घाम नको, धूळ नको आणि पाण्याचा तर थेंबसुद्धा नको. म्हणून एसीची खोली मामांना. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या माणसाने माझं एकदाही कौतुक केलेलं नाही. विहिरीवरची मोटार स्वतः उघडतात ना, त्यामुळे जावई म्हणजे नुसता खुर्चीत बसणारा. आता बघतील म्हणावं.

दुपारी २
जाळ्या धुतल्या. कव्हर पुसलं. सगळं परत बसवल्यावर एक स्क्रू उरला. कंपनीने जास्तीचा दिला असणार.

२ जून, सोमवार
आज जबरदस्त आयडिया सुचली. एसीच्या नळीतून रोज बादलीभर पाणी बाहेर पडतं. नळाला पाणी आठ दिवसांनी, आणि आपण हे खुशाल गल्लीत सोडतोय! अख्ख्या पुंडलिकनगरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. बाल्कनीत नवा निळा ड्रम ठेवला. डास नकोत म्हणून झाकणाला भोक पाडून नळी आत घातली, थेट तळापर्यंत. भोवती टेप गुंडाळून गच्च सील. मुंगीसुद्धा शिरणार नाही.
गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकला. सतरा अंगठे आले. समोरच्या सरितावहिनींनी तर विचारलं, आमच्याकडे बसवून द्याल का?

३ जून
सरितावहिनींकडे बसवून दिला. लोकांना फुकट ज्ञान देण्यात वेगळाच आनंद असतो.

५ जून, गुरुवार
ऑपरेशन मस्त झालं. मामा काळा चष्मा लावून आले. एसी चोवीसवर. म्हणाले, लई गार हाय. माझ्या मते हे कौतुकच आहे. सुलेखाच्या मते ते शाल मागत होते.

६ जून, शुक्रवार. दुपारी ४
मामांची उशी ओली. सुलेखा म्हणे एसी गळतोय, अतुलला बोलवा. मी शांतपणे समजावलं, हवा दमट आहे, माणसाला घाम येतो तसा मशीनलाही येतो. एसीच्या तोंडात नॅपकिन खोचला. प्रश्न मिटला.

७ जून, शनिवार
नॅपकिन पडला. मामांच्या अंगावर.
कारण व्होल्टेज. उशी पायथ्याशी केली, आता थेंब पायावर पडतात. पायाचं ऑपरेशन झालेलं नाही.

८ जून, रविवार
आज नळाला पाणी आलं, तरी मन लागत नाही. कारण ड्रम भरत नाहीये. चार बोटं पाणी साठलं आणि तिथंच थांबलं. याचा अर्थ एसी पाणीच तयार करत नाही. गॅस कमी असणार. सुलेखाने विचारलं, मग बाबांच्या पायावर पडतंय ते काय? हिला सायन्स समजावणं म्हणजे अवघड काम आहे.
मामा दुपारी छत्री उघडून झोपले होते. विचारलं तर म्हणाले, नाय नाय, शेतात सवय हाय.

९ जून, सोमवार
आता ब्लोअर शिंतोडे उडवतोय. एसी बंद करावा तर मामांना घाम. सुलेखा एवढंच म्हणाली की, बाबांच्या डोळ्याला काही झालं तर मी तुम्हाला आयुष्यभर विसरू देणार नाही. खरं सांगतो, घाबरलो. अतुलचा नंबर काढला, पण लावला नाही. इतकं झाल्यावर त्याला काय तोंड दाखवणार? उद्या रजा टाकून पूर्ण एसी उघडतो.

१० जून, मंगळवार
उघडला.
आत पाण्याचं तळं होतं. ते सगळं खाली आलं. मामा तेव्हाच चष्मा काढून डोळ्यात औषध घालायला बसले होते. डोळा भिजला.
मामांना घेऊन रिक्षात बसलो. डोळा गेला तर? दवाखाना येईपर्यंत मला रडू आवरलं नाही. मामाच माझ्या पाठीवरून हात फिरवत होते, म्हणत होते, व्हईल नीट, गप ऱ्हा.
डॉक्टरांनी तपासलं. डोळा ठीक आहे. देवा, वाचवलंस.

११ जून, बुधवार
रात्री एसी परत बसवला, तो पुन्हा गळायला लागला. सकाळी मामा उठले, बाल्कनीत गेले, ड्रमवरची टेप नखाने काढली आणि नळी वर ओढून घेतली. बास. भडाभडा पाणी आलं. खोलीतलं गळणं तेवढ्यावर थांबलं.
नंतर सुलेखाने सांगितलं. मामांनी शुक्रवारीच ओळखलं होतं. नळीचं तोंड पाण्यात बुडालेलं, वर झाकण गच्च, आतल्या हवेला जायला जागा नाही, मग पाणी उतरणार कसं? एका डोळ्याने दिसलं त्यांना. मी दोन्ही डोळ्यांनी ड्रमकडे बघत होतो.
मग पाच दिवस बोलले का नाहीत? तर म्हणे, जावयाच्या घरात राहून जावयाला शिकवायचं नसतं, त्याचा मान जातो. म्हणून छत्री. काल मी रडलो म्हणून त्यांना राहवलं नाही.
नळी मी आज ना उद्या वर घेणारच होतो.

१२ जून
सरितावहिनींचे चार मिस्ड कॉल. त्यांचा सोफा भिजलाय. ग्रुपवरचा फोटो डिलीट केला.

१३ जून, शुक्रवार
चेकअप झालं, मामा निघाले. निघण्याआधी बाल्कनीत गेले. मी मागे उभा. त्यांनी ड्रमवर हात फिरवला, टिचकी मारून बघितली आणि म्हणाले, पाहुणं, ड्रम मात्र लई झकास आणला तुम्ही.
बावीस वर्षांत पहिल्यांदा!
लगेच त्यांनाच देऊन टाकला. फुलंब्रीच्या काळी-पिवळी जीपपर्यंत मी स्वतः खांद्यावरून नेला. झाकणाच्या भोकाबद्दल मामा काही बोलले नाहीत.