फ्रॉकवरची गाळाची रेघ

५ मे
काल रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाई. दुखणं न्हाई का भ्या न्हाई, नळाला पाणी हुतं म्हणून. जतकडं आमच्या वस्तीवर टँकर येतो, पाईप धराय बायका झिंज्या उपटत्यात. हितं तोटी सोडली की धो धो. मी घागर भरली, कळशी भरली, शिवूचा दुधाचा डबा बी भरला, आन् मग नुसती बघत बसले. शिवांजली, माझी पोर, चार वर्साची. ती बी हसाय लागली.

हे काम माझ्या भावानं लावून दिलं, बिराप्पानं. शिवूचा बाप गेल्यापासनं आमी त्याच्याकडंच हुतो. गावाबाहेर नदीकाठाला महापुराचं म्युझियम हाय. ते झाडायचं, सुट्टीतली माणसं आली की दार उघडायचं, मागल्या खोलीत ऱ्हायचं. पुरातनं काढल्याल्या वस्तू ठेवल्यात. शिलाई मशीन, पाळणा, शाळंचा बाक, गाळानं भरल्याला टीव्ही. भितीवर पुराची रेघ मारलीया, माझ्या डोक्याच्या लय वर. शिवूनं इचारलं, मग मासं कुठं ठेवल्यात.

समदं नानासो गुरुजी बघत्यात. माणूस बरा. त्यांनी एकच बजावलं, दिस बुडायच्या आत घरातलं पाणी वतून टाकायचं, भांडी पालथी घालायची. साठल्यालं पाणी दिसलं की नदीला वाटतं हे घर अजून आपलंच हाय. मला हसू आलं. म्हणलं, काठावरची माणसं, ह्यांना पाण्याचा माज.

६ मे
कळशी वतली. डबा वतला. घागर वतवंना. चांगलं नितळ पाणी मातीत घालायचं? आमच्याकडं त्याला पाप म्हणत्यात. खाटंखाली सारली, वर परात झाकली. गुरुजी साताऱ्याला लेकीकडं गेल्यात, कोण बघतंय.

८ मे
सकाळी शिवूच्या पैंजणात गाळ. पाय गार पडल्यालं. अंगण कोरडं ठाक, नदी पार खाली खडकात. कुठं गेलतीस म्हणून धपाटा घातला. ती रडत म्हणाली, मी झोपलेच हुते.

९ मे
आज गुडघ्यापतुर. फ्रॉकचा घेर भिजल्याला आन् त्याच्यावर सरळ रेघ. भितीवर हाय, तशीच.

मग घागर आठवली. उकिरड्यावर नेऊन वतली, पालथी घातली. दुपारी सैपाकाला सरळ केली तर भरल्याली. गढूळ.

गुरुजींना फोन लावला. घागर ठेवल्याली सांगितली. त्यांनी एवढंच इचारलं, कुठवर आलंय. मी म्हणलं गुडघ्यापतुर. ते म्हणाले, पाणी आधी सखल जागा धरतं, घरात सगळ्यात ठेंगणं कोण हाय. येतो म्हणाले.

१० मे
गुरुजींची वाट बघितली न्हाई. पोरीला घेऊन जतच्या एष्टीत बसले. गाडी हालली तशी शिवू भिजाय लागली. कंडक्टर म्हणाला, वैनी, पोरीला आधी बाजूला बसवून आणायचं न्हाई व्हय, सीट काय तुमच्या सासऱ्याची हाय. लोक हसली. मग वास सुटला, गाळाचा. शेजारची बाई नाकाला पदर लावून उठली. मिरज यायच्या आत छातीला आलं. शिवू म्हणाली, आई, माझं पाय टेकंनात.

माझ्या मांडीवर बसल्याली पोर —

उतरलो. माघारी आलो. हितं आल्यावर कमरंला उतरलं. लांब न्हेऊ देत न्हाई ते.

११ मे
बिराप्पाला फोन लावाय गेले, मोबाईलमधनं पाणी गळलं. बंद.

शिवूच्या गळ्यापतुर. फरशी कोरडी हाय. पाणी कुठं दिसतच न्हाई, फकस्त तिच्या अंगावर. मान वर करून बसलीया. खाईना. गुरुजी आलं न्हाईत.

सखल धरतं म्हणाले. मग तिला वर —

दुपार
म्युझियमच्या माळ्यावर चढवली. मशीनवर बाक ठेवला, बाकावर मी चढले. ती वर बसली, मग बाक वढून घेतला, न्हाईतर माझ्यामागं उतरली असती. मी खाली फरशीवर बसले. आता ठेंगणी मी.

फ्रॉक वाळला तिचा. रेघ झडली. बिस्कुट खातीया.

माझं लुगडं जड झालंय.

दार फुगलंय. उघडंना. हाका मारल्या, उन्हाचं काठाला कोण न्हाई.

छातीला. शाई पसरतीया. वही खिडकीच्या गजातनं भायेर टाकती. ज्याला गावंल त्यानं माझ्या भावाला फोन करा, बिराप्पाला, नंबर पुठ्ठ्यावर हाय. शिडी आण म्हणावं. आत आल्यावर खाली बघू नगं म्हणावं, आधी वर बघ. शिवू माळ्यावर हाय. कोरडी हाय. मी हाक मारली तरी तिला खाली —