‘रीना आली’ हा रकाना

मी, शामराव डोमाजी नंदेश्वर, वय एकाहत्तर, सिलतऱ्यातील एका पोलाद कारखान्याच्या गुणवत्ता विभागातून निवृत्त, राहणार पुरानी बस्ती, रायपूर, आज पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्या हृदयात दोन जाळ्या बसवलेल्या आहेत, डोके मात्र ठीक आहे असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी बसवून लिहायला लावलेले नाही. उलट हे लिहू नये असेच दोघातिघांनी सुचवले. २०१४ साली निवृत्तीच्या वेळी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी सगळे शहाण्यासारखे लिहिले होते आणि खरे काहीच लिहिले नव्हते.

वकिलांचे म्हणणे होते की हिंदीत लिहा, इथल्या कचेरीत सोपे जाते. हिंदी भाषांतर त्यांनी जोडावे. मूळ मात्र मराठीतच राहील, कारण ज्या वह्यांबद्दल पुढे लिहायचे आहे त्या मराठीत आहेत.

कलम १. माझा मुलगा राकेश, इंदूरला नोकरीस, याला घराचा वरचा मजला, गच्ची आणि तळमजल्याची मागची खोली मिळावी. बँकेत जे काही असेल तेही त्याचेच. त्याच्या आईची, अंजनाबाईची, पितळेची भांडी त्याच्या बायकोने न्यावीत. त्यातला भात शिजवायचा मोठा गंज झिजलेला आहे, पण तो मोडीत घालू नये.

कलम २. तळमजल्याची समोरची खोली, जिला गल्लीकडून वेगळे दार आहे, ती रीना गजभिये हिला द्यावी. रीना सदर बाजारात एका जिन्याखालच्या भाड्याच्या गाळ्यात बायकांचे कपडे शिवते. ती आमच्या नात्यातली नाही. माझी मुलगी दीक्षा हिची ती शाळेपासूनची मैत्रीण. राकेशने फोनवर विचारले की, रीना क्यों? हे मृत्युपत्र वाचणारा प्रत्येकजण तेच विचारील, म्हणून कारण इथेच लिहून ठेवतो.

कलम ३. दीक्षाला तेराव्या वर्षी पहिला झटका आला. शाळेच्या व्हरांड्यात ती कोसळली तेव्हा तिचे डोके मांडीवर घेऊन बसलेली मुलगी रीना होती. बाकीची पोरे पळाली होती. त्यानंतर औषधे सुरू झाली, नागपूर झाले, पण झटके थांबले नाहीत. दोन महिन्यांत एकदा, कधी महिन्यात दोनदा येत.

कारखान्यात आम्ही भट्टीच्या प्रत्येक पाळीची नोंद ठेवत असू. मी घरीही तसेच करायचे ठरवले. २००३ च्या जानेवारीपासून रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आलो की दीक्षाचा दिवस वहीत लिहायचो. झोप किती झाली, ताप होता का, पाळी, गोळी किती वाजता, काय खाल्ले, ऊन किती होते, वीज गेली का, कोण आले, कोण गेले. पेरू खाल्ला हेही लिहिले. अंजना म्हणायची, पोरीचा हिशेब करून राहिले काय. मी म्हणायचो, यातच कुठेतरी उत्तर आहे.

कलम ४. त्या काळात कारखान्यात एक अडचण आली होती. भट्टीची सहाशेच्या वर मापे रोज लिहिली जात आणि माल बिघडण्याचे प्रसंग वर्षाला जेमतेम वीस. नागपूरच्या एका प्रशिक्षणात मला अशा विरळ आकड्यांसाठीची पद्धत शिकवली. ती प्रत्येक रकान्यावर जणू कर बसवते. अंदाजात पुरेशी भर न घालणारा रकाना कर भरू शकत नाही, त्याचे वजन शून्य होते, तो बाहेर जातो. शेवटी मोजके रकाने उरतात. आमच्या सहाशेतून नऊ उरले आणि त्या नऊ मापांवर लक्ष ठेवल्यावर माल सुधारला. ते काम माझे होते. एका वरिष्ठांनी ते स्वतःच्या नावावर मुंबईला सादर केले. त्यांचा राग मी पुष्कळ वर्षे धरला, आता सोडतो.

मग तीच पद्धत मी माझ्या मुलीवर लावली. नऊ वर्षांच्या वह्या संगणकात भरायला मला आठ महिने लागले. तीन हजारांच्या वर दिवस, चारशे तीस रकाने, आणि झटके बावन्न. शंभर खान्यांतले सत्त्याण्णव शून्य. २०१२ च्या मे महिन्यात, एका रविवारी सकाळी, उत्तर आले. पाच रकाने उरले होते. ताप, अपुरी झोप, पाळी, वीज गेली, आणि पाचवा, ‘रीना आली’.

रीना एकसष्ट दिवस आली होती. त्यांपैकी चौदा वेळा त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी झटका आला होता. मी आकडे तीनदा तपासले. चूक नव्हती.

कलम ५. मी तो कागद अंजनाला दाखवला. ती म्हणाली, “ते पोट्टी काय करते तिले? दोघी बसून हासतात.” मी म्हणालो, हासण्यानेच होत असेल, मेंदूला ताण पडत असेल. तिने कागदाकडे बराच वेळ पाहिले. मग काहीच बोलली नाही. तिच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ मला अकरा वर्षे कळला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सदर बाजारात जाऊन रीनाला सांगितले की तू येत जाऊ नकोस, दीक्षालाच आता तू आलेली आवडत नाही. ती मशीनवरून उठली नाही. एवढेच म्हणाली की, तिने स्वतः सांगितलं काय? मी हो म्हणालो.

घरी दीक्षाला सांगितले की रीनाचे दुकान वाढले, तिला वेळ नाही. दीक्षाने पहिले काही महिने रोज विचारले. “बाबा, रीना काहून नाही येऊन राहिली?” नंतर सणासुदीला विचारायची. मग विचारणे बंद झाले. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. झटक्यांमुळे तिची नोकरी झाली नव्हती, लग्न झाले नव्हते, एकटीने बाहेर जाणे नव्हते. तिच्याकडे बाहेरचे माणूस एकच येत होते.

त्या वर्षी झटके कमी झाले. माझी छाती फुगली. त्याच जूनमध्ये डॉक्टरांनी गोळी बदलली होती, हे मला माहीत होते. तरी श्रेय मी माझ्या कागदाला दिले.

कलम ६. दीक्षा ११ मार्च २०१९ रोजी गेली. अंजना नात्यातल्या बाळाच्या नामकरणाला भिलाईला गेली होती. घरी मी होतो, निवृत्त माणूस, दिवसभर तिच्यासमोर. दीक्षा सकाळपासून बोलली नाही. खिडकीशी बसून राहिली. पोहे अर्धे ठेवले. दुपारी जरा पडते एवढेच म्हणाली. मी ताप पाहिला, नव्हता. झोप झाली होती. माझे सगळे रकाने ठीक होते. मी वहीत ‘शांत, चांगला दिवस’ असे लिहिले आणि भाजी आणायला गेलो. तासाभराने आलो तेव्हा ती उशीवर पालथी पडलेली होती.

डॉक्टर म्हणाले, झोपेतल्या झटक्यात असे कधीकधी होते, कोणी जवळ असते तर कुशीवर वळवता आले असते. कोणी जवळ असते तर, हे त्यांनी सहज म्हटले.

अंजना त्यानंतर दोन वर्षे जगली. राकेश आईवेगळा झाला तेव्हाही मी त्याच्याशी दीक्षाबद्दल बोललो नाही.

कलम ७. माझा भाचा प्रशिक, बहिणीचा मुलगा, नागपूरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत तो आला असताना मी त्याला माझे काम दाखवले. खरे तर शाबासकी हवी होती. त्याने सांगितले की मामा, एकदाच चालवून भरवसा ठेवायचा नाही. दिवसांचे अर्धे अर्धे गट पाडून शंभर वेळा चालवू, जो रकाना पुन्हा पुन्हा निवडला जाईल तो खरा. आम्ही दोघांनी ते केले. ‘वीज गेली’ शंभरातून अकरा वेळा आला, म्हणजे तो फुकटचा घुसला होता. ताप अठ्ठ्याण्णव वेळा आला. ‘रीना आली’ त्र्याण्णव वेळा.

मला हायसे वाटले, हे लिहायला लाज वाटते. मी म्हणालो, पाहा, मी बरोबर होतो.

प्रशिकने स्क्रीनवरच्या ‘रीना आली’वर बोट ठेवले. मग म्हणाला, “मामा, ते येत होती म्हणून झटका येत होता, का झटका येनार म्हणून ते येत होती? हे यातून समजत नाही. हे तिलेच विचारा लागते.”

मी अकरा वर्षांनी सदर बाजारातला तो जिना शोधला. रीनाचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. तिने मला स्टूल दिले. मी विचारले, तू आमच्याकडे कधी यायचीस, कशावरून ठरवायचीस?

ती म्हणाली, “काका, मी काय मनानं येत होती काय? काकूचा फोन येत होता. दीक्षा सकाळपासून गुमसुम झाली, खिडकीपाशी जाऊन बसली, की काकू म्हणत, रीना, ये वो, ते आज बोलून नाही राहिली. मंग मी गाळा बंद करून येत होती. झटका येनार हे आमाले आधीच समजे. मी हासवत होती तिले, आन् रात होईपर्यंत जवळ बसत होती. तुमाले हे माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हते. दिवसा मी कारखान्यात असायचो. चारशे तीस रकान्यांत ‘दीक्षा गप्प आहे’ असा एक रकाना नव्हता, कारण मी घरी येईपर्यंत रीना तिला हसवून मोकळी झालेली असायची. पद्धतीने चूक केली नाही. महत्त्वाचा रकाना तिने अचूक काढून दिला होता. रीना म्हणजे झटका जवळ आल्याची खूण होती आणि त्यावरचा उपायही होता. मी तो घरातून काढून टाकला.

रीनाने आणखी एक सांगितले. दीक्षा गेल्यावर अंजना एकदा तिच्या गाळ्यावर जाऊन रडली होती. म्हणाली होती, “मीच बोलवत होती ना तुले. त्याईच्या कागदात निघालं ते. म्हंजे मीच आणला पोरीवर झटका.” माझी बायको हे ओझे घेऊन मेली. मी विचारले असते तर तिने एका वाक्यात सगळे सांगितले असते. मी वहीत सगळे लिहिले आणि तिला काहीच विचारले नाही.

कलम ८. सबब, समोरची खोली रीनाला. ही भरपाई समजू नये, तेवढी मोठी खोली माझ्याकडे नाही. तिच्या गाळ्यात उजेड नाही आणि या खोलीत आहे, एवढेच कारण कचेरीने नोंदवावे. तिने नाही म्हटले तर तिला गळ घालू नये, खोली राकेशकडे जावी. राकेशला मी हे सगळे फोनवर सांगितले. तो म्हणाला, “दे दो पापा. दीदी मुझसे भी पूछती थी उसके बारे में.” भावालाही विचारत होती, हे मला त्या दिवशी कळले.

सोळा वह्या, संगणक आणि त्यातले आकडे प्रशिकला द्यावेत. त्याने ते विद्यार्थ्यांना जरूर दाखवावेत. दीक्षाचे नाव काढावे, माझे ठेवावे. कोणत्याही वहीतले कोणतेही पान फाडू नये, शेवटच्या वहीतले ११ मार्चचे तर मुळीच नाही. प्रशिकच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करील.

माझा जलदान विधी साधा ठेवावा. त्रिशरण-पंचशील घ्यावे, जेवणावळ नको. स्कूटर ज्याला चालू करता येईल त्याची.

कलम ९. (खोडले.)

या कलमात मी रीनाची क्षमा मागितली होती. मागच्या मंगळवारी कच्चा मसुदा तिला वाचून दाखवायला गेलो. तिने मशीन थांबवून सगळे ऐकले. खोलीबद्दल ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. नववे कलम आले तेव्हा तिने हात पुढे केला आणि कागद मागितला. वाचून म्हणाली, “काका, हे कापा. मेल्यावर मागता काय? मी कोनाले जवाब देऊ मंग? आता बसले ना समोर.”

म्हणून मी तिथे स्टुलावर बसून, तोंडाने, माफी मागितली. दीक्षा तिच्याबद्दल रोज विचारत होती, दीक्षाला ती नकोशी कधीच झाली नव्हती, हेही सांगितले. गाळ्यात एक गिऱ्हाईक बाई ब्लाउज घ्यायला उभी होती, तिनेही ऐकले. रीनाने टेबलावरचा कपडा घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला.

“आज नाही होत, काका,” ती म्हणाली.

मी बरे म्हटले आणि पुढच्या मंगळवारी येऊ का विचारले. ती म्हणाली, हव, या.

वरील कलम नऊवरची रेघ माझ्या हाताची आहे आणि ती मला मान्य आहे. याखेरीज या मृत्युपत्रात कुठेही खाडाखोड नाही.

सही: शामराव डोमाजी नंदेश्वर

आम्हा दोघांसमक्ष शामरावांनी सही केली, त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष आम्हीही करत आहोत. आम्हा कोणालाही यातून काही मिळायचे नाही.

साक्षीदार १: विनायक देशकर, निवृत्त शिक्षक, शेजारी

साक्षीदार २: शंकर साहू, औषध दुकानदार. (यांना मजकूर हिंदीत वाचून दाखवला. दीक्षाच्या गोळ्या वीस वर्षे यांच्याच दुकानातून येत होत्या.)

स्थळ: रायपूर, छत्तीसगड
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार