भाजलेले वाल

माय, तुझ्या कुंपणावरचा तांबडा वाल मागायला कंपनीचा माणूस आला होता. आणि त्याला तो द्यावा की नाही, द्यायचा तर कुठल्या अटींवर, हे सांगायला गावानं कोणाला बोलावलं असेल? मला. ज्या लेकीला तू त्या वालाचा एक कच्चा दाणा घरातून नेऊ दिला नाहीस, तिला. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस, आणि मला त्याचाही राग आला असता.

तू गेलीस तेव्हा माझं हे काम सुरूही झालं नव्हतं. तुझ्या लेखी मी काळा कोट घालून कोर्टात भांडणारी होते. आता मी कोर्टात जात नाही. लातूरला डाळमिलांच्या मागच्या गल्लीत, एका कोचिंग क्लासच्या वर, माझी दोन खोल्यांची कचेरी आहे. गावातलं बी, झाड, मुळी बाहेरच्या कोणाला धंद्यासाठी न्यायची असेल तर त्यानं कोणाची परवानगी घ्यायची, कशासाठी नेतोय ते कसं सांगायचं, आणि पुढं फायदा झाला तर ज्यांनी ते जपलं त्यांना त्यातलं काय द्यायचं, याचे आता नियम आहेत. गावोगाव त्यासाठी समित्या आहेत. मी त्या समित्यांना सल्ला देते, कधी कंपन्यांनाही देते. थोडक्यात, कोणाच्या हाती बी जाऊ द्यायचं आणि कोणाच्या नाही, हे सांगायचं मी काम करते. हे काम तू माझ्या आधी करत होतीस आणि माझ्यापेक्षा कडक करत होतीस.

तो फाटा आठवतो तुला? माझं लग्न झाल्यावरची ती पहिली खेप. मी परत निघालेय, नवी हिरवी साडी, हातात रेक्झिनची पिशवी, आणि तू मला एस.टी.ला बसवायला फाट्यापर्यंत आली आहेस. गाडीला उशीर आहे. तू सहज म्हणून माझी पिशवी नीट लावायला घेतेस आणि तुझ्या हाताला रुमालाची गाठ लागते. ती तू सोडतेस. आत तांबडे वाल, निघताना मी घाईनं गाडग्यातून उचललेले, अजून राख लागलेले.

"हे काय हाय?" तू विचारतेस.

"वाल. लातूरला परसात लावीन म्हणलं."

"लेकीच्या हाती बी देत नसत्यात. घरचं पीक तिच्या मागं मागं जातं." आणि तू ते सगळे दाणे माझ्यादेखत आपल्या पदरात ओतून घेतेस. मग कमरेला खोचलेली पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवतेस. मिठाच्या पाण्यात भिजवून, वाळवून, खापरात भाजलेले वाल. "खायला दिलंय की. पोटभर खा. पेरायचं ते तुझी सासू दिईल."

माझी सासू लातूरच्या भाड्याच्या घरात राहत होती, तिच्याकडं पेरायला तुळस होती. हे तुला ठाऊक होतं. फाट्यावर आणखी दोन बाया उभ्या होत्या, त्यांनी तुझ्या बोलण्याला माना डोलावल्या. गाडी आली. मी खिडकीत बसले आणि चाकूर मागं पडेपर्यंत एकेक वाल चावत राहिले. फार चांगले झाले होते. त्यानंतर दरवर्षी तू कोणा ना कोणाच्या हाती डबा पाठवलास, पण कधी चुकूनसुद्धा त्यात एक न भाजलेला दाणा आला नाही. मी प्रत्येक डबा ताटात ओतून बघत असे.

मग दादाचं लग्न झालं आणि देगलूरकडची वहिनी आली. ते स्वयंपाकघर मला आजही समोर दिसतं. चुलीच्या मागं उतरंड, तिच्यातलं मधलं, वालाच्या बियाण्याचं गाडगं तू खाली घेतलंयस, फडकं सोडलंयस. तू नव्या सुनेला म्हणालीस, "घाल हात." तिनं बांगड्यांनी भरलेला हात कोपरापर्यंत घातला, राख उडाली, आणि तिला ज्या शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात. तू इतकी हसलीस की भिंतीला टेकून बसलीस. मी दारात उभी होते. मी शिंकले की तू सुंठेचा काढा करायचीस, हसायची नाहीस. तिचा हात हातात घेऊन तू म्हणालीस, "आता हे तुझं. मी इचारणार न्हाई." घरात येऊन तिला आठवडा झाला नव्हता. त्या घरात मी जन्मले होते, त्या वेलाच्या शेंगा तोडून तोडून माझी नखं काळी झाली होती, आणि वाल तिचा झाला. मी तुला सरळ सांगते, माय, तिचे दागिने, तिचा रंग, दादा तिच्या शब्दाबाहेर नाही हे सगळं मी सोसलं. त्या गाडग्यापायी मात्र मी तिच्यावर जळले ती आजपर्यंत जळते आहे. आणि ती माणूस म्हणून वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं.

आता कंपनीचा माणूस कसा आला ते ऐक. येळवसला आला, वेळा अमावास्येला. आपल्या रानात त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात, तसा दादानं त्याला बसवला. बियाण्याच्या कंपनीचा, हैदराबादेकडचा, बोलायला सभ्य. कडब्याच्या कोपीत बसून त्यानं आंबील प्यायली, सगळ्या शेंगांची भज्जी खाल्ली, आणि तिच्यातल्या वालाची चौकशी करत कुंपणापर्यंत गेला. आजूबाजूच्या सगळ्या वेलांवर माव्याची कीड पडली होती, तुझा वेल मात्र स्वच्छ होता. त्यानं मूठभर बी मागितलं. वहिनी म्हणाली, "खायला बसा अजून, पण न्यायचं आसंल तर गावाला इचारा." त्यानं खरंच रीतसर अर्ज केला, आणि समितीनं सल्ल्यासाठी मला फोन केला.

होळी झाल्यावर बैठक ठरली. ग्रामपंचायतीत गेल्या गेल्या मी आधीच सांगितलं, हे माझं माहेर आहे, वाल माझ्या घरचा आहे, दुसरा सल्लागार बघा. सरपंच दादाच्या बरोबरीचा, लहानपणी आपल्याच कुंपणातल्या शेंगा चोरणारा. तो म्हणाला, "आक्का, दुसऱ्याला वाल काय आन् पावटा काय, एकच वाटंल. तुमीच सांगा." बाकीचे हसले, आणि मी बसले. दुसरं कोणीतरी येऊन तुझ्या वालावर बोलणार हे मला चालणार नव्हतं, हेही खरं.

अटी मी नेहमीसारख्या सांगितल्या. बी ज्या कामाला मागितलं त्याच कामाला वापरायचं, गावाला विचारल्याशिवाय तिसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, पुढं त्यातून वाण निघालं तर त्यावर गावाचं नाव राहील आणि विक्रीतला वाटा येईल, आणि गावातल्या कोणाला पेरायला, आपसात द्यायला आडकाठी करायची नाही. कंपनीच्या माणसाला त्यातलं काही जड वाटलं नाही. मग सरपंचानं विचारलं, "आन् राखणारं म्हणून नाव कुणाचं घालायचं?"

त्याचं उत्तर मी लातूरहून येतानाच तयार ठेवलं होतं. बी जपणारं माणूस ओळखू येत असेल तर वाटा त्याचा, ओळखू येत नसेल तर तो साऱ्या गावाच्या वतीनं समितीचा. मी म्हणणार होते की कोणा एकीचं नाव नको, समितीचं घाला. हा सल्ला मी आणखी गावांना दिलेला आहे आणि तो चांगला सल्ला आहे. पण त्या गावांत तो देताना मला असं आतून गार वाटलं नव्हतं. वहिनीचं नाव कागदावर येणार नाही, एवढ्यानं मला बरं वाटत होतं.

मी बोलायच्या आधी समितीतल्या एका बाईंनी वहिनीला पुढं बोलावलं. वाल आज कोणाकोणाकडं आहे, एवढंच तिला विचारलं. वहिनीनं पदर सारखा केला आणि सांगत गेली. गावात नवी सून आली की ती तिला मूठभर देते, तशी वरच्या आळीत अमकी, मारुतीच्या मागं तमकी. "राखलं म्हणजे काय, आत्याबाईनं दिलं ते मी लावत गेले," म्हणाली. आणि जागेवर जाता जाता म्हणाली, "आन् उदगीरकडं माज्या पोरीच्या घरी हाय. लगीन झालं तवा तिच्या ओटीत घातलं व्हतं."

कंपनीच्या माणसानं मान वर केली. "म्हणजे त्या गावातही मिळेल," तो म्हणाला. त्यात खोट नव्हती, पण सरपंचाचा चेहरा उतरला. तिकडच्या समितीनं सैल अटींवर बी दिलं तर आमच्या कागदाला अर्थ उरणार नव्हता. सगळे माझ्याकडं बघायला लागले. सल्लागारानं त्या क्षणी अटींचा विचार करायला हवा होता. मी वहिनीला विचारलं, "कच्चं दिलंस?"

"मग काय भाजून दिऊ?" ती म्हणाली. "पोरीला न्हाई द्यायचं तर कुणाला द्यायचं, आक्का?"

लोक हसले. माय, मी इतकी वर्षं वहिनीवर जळले, पण ते काहीच नव्हतं. माझी भाची, जिच्या बारशाला मी पाळण्याची दोरी ओढली, ती पोरगी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, सासरी निघालेली, ओटीत राखेनं माखलेले दाणे घेऊन. तिला मागावंसुद्धा लागलं नाही. तिच्या आईनं आपल्या सासूची रीत मोडली आणि मोडली हे तिच्या लक्षातही आलं नाही. माझ्या ओठांवर आलं होतं, की बघा, माझ्या आईची रीत पाळली असती तर आज बी गावातच राहिलं असतं. तुझी बाजू घेऊन मला त्या दोघींना बोल लावता आला असता. आणि मला तुझी बाजू घ्यायची नव्हती. मला त्या पोरीच्या जागी असायचं होतं.

मी काय सांगितलं ते सांगते. उदगीरकडच्या गावाच्या समितीला बरोबर घ्या, दोन्ही गावांनी एकत्र बसून एकाच अटींवर करार करा, तोवर कोणीही बी देऊ नका. आणि आता जपणारी घरं नावानिशी ठाऊक झालीत, तेव्हा नुसतं समितीचं नाव घालून चालणार नाही. त्यांची नावं घाला. कंपनीच्या माणसानं ते मान्य केलं. आता मसुद्यात वहिनी आहे, तिनं सांगितलेल्या सगळ्या बाया आहेत, भाची आहे. तुझंही नाव आहे, ही जात पूर्वी जतन करणारी म्हणून, ती ओळ मी भांडून घातली. माझं नाव सगळ्यात खाली, सल्लागार म्हणून, शिक्क्याजवळ.

मी निघाले तेव्हा वहिनीनं मला देवापुढं बसवलं आणि ओटी भरली. खण, नारळ, आणि त्यावर ओंजळभर तांबडे वाल. कच्चे. "मिरगात लावा," ती म्हणाली. "तुमाला आत्याबाईनंच द्यायला पायजे व्हते. लई दिस माज्या मनात व्हतं." तिचे डोळे भरले होते. तिला जवळ घ्यावं असं मला वाटलं, आणि तुझं देणं देणारी ही कोण, असंही वाटलं. मी पदराची गाठ बांधली आणि पिशवी उचलली.

ते वाल मी लातूरला आणले. गच्चीवर कुंडी आणली, माती आणली, दोरी बांधली. मृग आला. मी दाणे मिठाच्या पाण्यात भिजवले, फॅनखाली वाळवले, आणि गॅसवर लोखंडी तव्यात भाजले. खिडकीशी उभं राहून सगळे खाल्ले. तुझ्यासारखे झाले नव्हते, थोडे करपले होते.

वहिनी फोनवर विचारते, "आक्का, वाल उगवला का?" पहिल्यांदा मी म्हणाले, हाव, दोन पानं आलीत. आता तिच्या लेखी माझा वेल दोरीवर चढलाय, आणि परवा मी तिला सांगितलं की फुलं यायला लागलीत. म्हणून हा कागद कोणाच्या हाती पडता कामा नये. येळवसला ती माझ्या गच्चीवरच्या शेंगा बघायला येते म्हणते.